एकवीस, वीस एक आणि गुरुजींचे मत

पेढीवर हिशेब जुळला नाही, तर शहाणा मालक प्रथम खतावणी लिहिणाऱ्याला जवळ बसवतो. चूक कोठे झाली असावी, याचा अंदाज सर्वांत आधी त्यालाच येतो. शालेय गणिताच्या बाबतीत मात्र हा साधा व्यवहार पाळला जात नाही. पुस्तक बदलते, पद्धत बदलते, वादही रंगतो. फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाला विचारण्याचे तेवढे राहून जाते.

जून २०१९ मध्ये महाराष्ट्राने हेच पाहिले. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि टीकेचे मोहोळ उठले. विधिमंडळातही त्यावरून विनोद झाले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे खुलासा केला की, जुनी नावे रद्द झालेली नाहीत. ज्या मुलांना ती अवघड जातात त्यांच्यासाठी सोपी वाट दिली आहे.

या भूमिकेमागे वर्गातली रोजची अडचण होती. २५ लिहिताना दोन आधी येतो, बोलताना पाच आधी येतो. म्हणून ऐकून लिहिणारे मूल ५२ लिहून मोकळे होते. ‘एकोणतीस’ म्हटले की कानावर तीस पडते आणि लिहायचे असतात २९. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत चालत आलेली ही रीत नव्याण्णवला अचानक मोडते. कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांत दशक आधी आणि एकक नंतर बोलतात. तेथे हा उलटफेर नाही.

विरोधातही तथ्य होते. बाजारात भाव ‘पंचेचाळीस’ असाच सांगितला जाणार. घरात, बसमध्ये, बँकेत तीच नावे कानावर पडणार. शिवाय संख्यानामे हा भाषेचा ठेवा आहे.

पण बदल ही काही नवी गोष्ट नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे व्यापारी घरांतील वडीलधाऱ्यांना मुखोद्गत असत. रुपयाचे सोळा आणे होते, तोवर त्यांचा रोज उपयोग होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला, तेव्हा त्यांनीही व्याज, भागीदारी, सोन्याचा कस अशी आपल्या काळच्या व्यवहारातील उदाहरणे घेतली होती. गणित शिकणाऱ्याच्या जीवनाला धरून चालते.

प्रश्न एवढाच की, कोणत्या शिकणाऱ्याच्या? तापी आणि गोमाईच्या संगमावरील प्रकाशा हे दक्षिण काशी म्हणून ओळखले जाणारे गाव. या परिसरात अहिराणी, गुजरी, भिली, पावरी अशा अनेक बोली नांदतात. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. दुकानाच्या गल्ल्याजवळ वाढलेल्या मुलाला ‘पंचवीस’ हा शब्द शाळेआधीच ठाऊक असतो. ज्याच्या घरी प्रमाण मराठी बोललीच जात नाही, त्याला शब्दही नवा आणि संख्याही नवी. ही दोन मुले एकाच बाकावर बसली, तर कोणाला कोणती वाट सोपी, हे पुण्यात बसून ठरत नाही, तसे वृत्तपत्रातील वादातूनही ठरत नाही. ते पाटीवरची चूक पाहणाऱ्या गुरुजींनाच कळते.

मग गुरुजी बोलत का नाहीत? शिक्षणहक्क कायद्याच्या निकषानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात; चार-पाच इयत्ता त्या दोघांनीच सांभाळायच्या. याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक काम शिक्षकांवर टाकता येत नाही. तरीही पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत बराच वेळ जातो. परिपत्रक वरून खाली येते; वर्गातला अनुभव खालून वर नेणारी वाट मात्र अरुंद आहे.

दोष केवळ व्यवस्थेचा नाही. ‘पुस्तकात आहे ते शिकवले’ एवढ्यावर समाधान मानण्याची सवय शिक्षकी पेशालाही जडली आहे. मुलांच्या चुका लाल शाईने खोडल्या जातात, पण टिपून ठेवल्या जात नाहीत. ज्या शिक्षकाकडे अशा चुकांची वही आहे, त्याचे मत टाळणे कोणत्याही समितीला अवघड जाईल.

व्यापारी समाजातील अनेक जण शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत. बैठकीत निकालाची टक्केवारी विचारली जातेच. त्याबरोबर एक प्रश्न गणिताच्या शिक्षकांनाही विचारावा, “मुले कोठे अडतात आणि आपल्या मते का?” उत्तर ऐकण्यास तासभर द्यावा, त्या तासात रजिस्टर, अहवाल काही मागू नये. खतावणी लिहिणाऱ्याला जवळ बसवण्याची पेढीवरची रीत शाळेत नेण्यास खर्च काहीच येत नाही, आणि तिचा लाभ गल्ल्याजवळच्या मुलाइतकाच पाड्यावरून चालत येणाऱ्या मुलालाही होणार आहे.