शिल्लक किती महिन्यांची?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते पुरे झाले १९६६ मध्ये. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यासाठी लाख रुपये देऊ केले होते. आज हाच प्रस्ताव घेऊन कोणी देणगीदार कंपनीकडे गेले, तर ‘तीन वर्षांत काय दिसेल?’ या पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर होऊन परत येईल. पहिला भाग छापून यायलाच १९२७ उजाडले होते.

एका दात्याच्या बळावर एवढी मजल जाणार नव्हतीच. सरकार, संस्थाने, मुंबई विद्यापीठ अशी दारे पुढे ठोठवावी लागली. त्यात मुख्य संपादक विष्णु सीताराम सुकथनकर जानेवारी १९४३ मध्ये गेले. एखाद्या संस्थेत एवढा मोठा माणूस गेला की कामही त्याच्याबरोबर जाते. इथे ते गेले नाही. आधी बेलवलकरांनी आणि मग प. ल. वैद्यांनी ते तडीस नेले. याचे कारण कामाच्या पद्धतीतच होते. ठिकठिकाणच्या पोथ्यांतले पाठ आखीव तक्त्यांवर, चौकटीचौकटींत, एकाखाली एक उतरवले जात. कोणता पाठ का स्वीकारायचा याचे नियम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत १९३३ मध्येच मांडून ठेवले होते. नव्या संपादकाला कोणाच्या आठवणींवर विसंबून राहावे लागले नाही.

सेवाभावी संस्था किती टिकेल हे मोजायचे, तर पहिली तपासणी या जागी व्हायला हवी. प्रत्यक्षात विचारली जाते ती उलाढाल आणि लाभार्थींची संख्या. दोन्ही आकडे अहवालात छान दिसतात आणि संस्थेच्या उद्याबद्दल जवळपास काहीच सांगत नाहीत.

त्यापेक्षा ताळेबंद उघडून साधे गणित करावे. समजा, संस्थेचा वर्षाचा खर्च ६० लाख, म्हणजे महिन्याला पाच लाख. बँकेत ४० लाख आहेत, तेव्हा आठ महिन्यांची बेगमी झाली असे विश्वस्त निर्धास्तपणे सांगतात. पण त्यातले ३२ लाख एका कंपनीने ठराविक प्रकल्पासाठी दिलेले, दुसरीकडे वळवता न येणारे. उरले आठ लाख. म्हणजे दीड महिना. आणि त्या कंपनीने हात आखडता घेतला, तर प्रकल्पावरची माणसेही रस्त्यावर. २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक कामासाठी ठरवलेले दोन टक्के हे आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर काढतात, हेही लक्षात ठेवलेले बरे. कंपनीला मंदीचा फटका बसला की आज ना उद्या तो संस्थेपर्यंत पोचतो.

मग गंगाजळी का साठवत नाहीत? साठवणे सोपे नाही म्हणून. प्राप्तिकराची सवलत टिकवायची तर साधारणपणे उत्पन्नाचे ८५ टक्के कामावर खर्च झालेले दाखवावे लागतात. विशिष्ट कारण नोंदवून काही वर्षे रक्कम बाजूला ठेवता येते, कायमनिधीही उभारता येतो. पण देणगी कायमनिधीसाठीच आहे असे दात्याने स्पष्ट सांगायला हवे. किती संस्था दात्याकडे ते एका ओळीचे पत्र मागतात?

उलटही घडते. गावोगावी अशी जुनी वाचनालये सापडतील, ज्यांची इमारत पक्की, तळमजल्यावरच्या गाळ्यांचे भाडे वेळेवर, आणि कपाटातली पुस्तके मात्र वर्षानुवर्षे तीच. महिन्यांच्या हिशेबात त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळतील. असल्या टिकण्याचे कौतुक करण्याचे कारण नाही.

दुसरे माप दात्यांच्या संख्येचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा झाले. एका घराने मूठ थांबवली तरी चूल विझत नव्हती. शिवाय मूठ देणारे घर पोरांची विचारपूसही करणार. हिशेब तपासनिसाच्या शेऱ्यापेक्षा ही देखरेख कडक.

तिसरे माप माणसांचे, आणि तेच सर्वांत नाजूक. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक मदतीने सुरू झाले. ज्यांनी ते उभे केले त्या डॉ. सुनंदा अवचट १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. केंद्र चालू आहे. तिथे उपचार घेऊन बाहेर पडलेली कितीतरी माणसे पुढे तिथेच कार्यकर्ते झाली, म्हणजे दुसरी फळी कामातूनच घडत गेली. अनेक संस्थांत मात्र संस्थापकाच्या हयातीत हा विषय काढणेही उद्धटपणाचे ठरते. मग ते गेल्यावर दोन गट पडतात, धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलाच्या अर्जावर हरकत येते आणि धनादेशावर सही कोणाची, या प्रश्नावर पगार अडकतात.

दात्यांची पत्रे, कायमनिधी, विश्वस्त बदल हे सगळे वेळेवर करायला संस्थेत एक जाणता हिशेबनीस लागतो. अर्ज, मुदती, इतिवृत्ते सांभाळणारा. बहुतेक देणगीदारांना मात्र त्याचा पगार ‘वरखर्च’ वाटतो. परदेशी देणग्यांबाबत तर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. यंदा दिवाळीची देणगी पाठवताना वाचकांनी सोबतच्या चिठ्ठीत ‘हिशेबनिसाच्या पगारासाठी’ असे लिहायला हरकत नाही.