हाफ चहावर बक्षीस किती?

गेल्या महिन्यात वसुलीच्या कामाने समुद्रपूरला जाणे झाले. ज्यांना भेटायचे ते शेतावरून परतले नव्हते, म्हणून बाजारातल्या एका हॉटेलात बसलो आणि हाफ चहा मागवला. थोड्या वेळाने ओळखीचे दोन कारागीर आले, एक गादीवाले आणि एक शिंपी. आणखी दोन चहा झाले. एवढ्या भांडवलावर आम्ही चौघांचे टेबल दीड तास अडवून बसलो. वेटर पोराने चार वेळा पाणी आणले, दोनदा फडके मारले. बिल झाले ३० रुपये. मी मोबाईलवरून पैसे पाठवले आणि उठलो.

बाहेर आल्यावर शिंपीभाई म्हणाले, "त्या पोराला काही दिले नाही?"

"तीस रुपयांच्या बिलावर काय द्यायचे?" मी म्हणालो. ते हसले. पण ते हसणे मला घरापर्यंत पुरले.

वाचकहो, आपण दुकानदार मंडळी. एखादे गिऱ्हाईक येते, वीस थान खाली काढायला लावते, पोत पाहते, रंग पाहते आणि शेवटी हातरुमाल घेऊन जाते. त्याच्या पाठीमागे आपण काय बोलतो ते इथे छापण्यासारखे नाही. हॉटेलात आम्ही तिघे तेच गिऱ्हाईक होतो. फरक इतकाच की दुकानात थान मालक स्वतः किंवा पगारी नोकर घडी करतो. हॉटेलात आपल्यामागे राबणाऱ्याच्या मिळकतीत बक्षिसाच्या चिल्लरचाही वाटा असतो.

मोठ्या शहरात बिलाच्या दहा टक्के टिप ठेवण्याची रीत आहे. ती रीत जेवणाच्या बिलाला ठीक. ३० रुपयांचे दहा टक्के म्हणजे ३ रुपये. एवढे ठेवण्यापेक्षा न ठेवलेले बरे. माझ्या मते थोडे मागवणाऱ्याने टक्केवारी विसरावी आणि घड्याळ पाहावे. चहा पिऊन दहा मिनिटांत उठलो तर वरचे सुटे पैसे सोडले तरी भागते. तासभर टेबल अडवले तर दहा रुपये, सोबत मंडळी जमवून सौदा केला असेल तर वीस. त्या टेबलावर आपला हजारोंचा व्यवहार ठरतो आणि भाडे कोणी मागत नाही, हे ध्यानात ठेवावे. दुपारच्या रिकाम्या वेळेत बसलो तर मालकाचे फारसे बिघडत नाही, पण जेवणाच्या गर्दीत एका चहावर बसून राहणे ही टिपेने भरून निघणारी गोष्ट नाही. तिथे एकतर काही मागवावे, नाहीतर उठावे. मुंबईच्या इराणी हॉटेलांत एका चहावर बसण्याची मुभा असे, त्याची आठवण आपले लोक फार काढतात. पण ती हॉटेले एकामागून एक बंद पडत गेली हेही सांगावे लागते.

सगळीकडे द्यावेच असेही नाही. टपरीवर उभ्याने चहा घेतला तर काही नाही. मालक स्वतः कप आणून देत असेल तर त्याच्या हातावर पैसे ठेवू नयेत, काहींना तो अपमान वाटतो. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर वेगळे देण्याचे कारण नाही. तो चार्ज सक्तीने लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले होते आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. समुद्रपुरात हा प्रश्न येणार नाही, नागपूरच्या मोठ्या हॉटेलात येऊ शकतो.

काही जण म्हणतात, पगार देणे मालकाचे काम, आपण का द्यावे? मुद्दा खरा आहे. पण हा वाद मालकाशी गल्ल्यावर उभे राहून घालावा. पाणी देणाऱ्याचे दहा रुपये कापून नव्हे. मात्र चौदा वर्षांखालचा मुलगा कप उचलताना दिसला तर बक्षीस देऊन मन हलके करू नये. हॉटेल-ढाब्यांत अशा मुलांना ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तिथे मालकाला विचारणेच योग्य.

मोबाईलने पैसे देण्याची सोय झाल्यापासून एक नुकसान झाले, त्याकडे कोणाचे लक्ष नाही. पूर्वी बडीशेपेच्या बशीतून सुटे पैसे परत येत आणि दोन-पाच रुपये तिथेच राहत. आता पैसा थेट मालकाच्या खात्यात जातो आणि बशी रिकामी राहते. जाम चौरस्त्यावर नागपूर-हैदराबाद रस्त्याची आणि चंद्रपूरकडची वाहने थांबतात. तिथली गिऱ्हाइके पुन्हा भेटतील याचा भरवसा नसतो, त्यामुळे वेटरला पुढच्या खेपेचीही आशा नाही. म्हणून बिल मोबाईलवरून दिले तरी बक्षीस रोख द्यावे आणि पोराच्याच हाती द्यावे.

आपल्यातही हॉटेल चालवणारे बरेच आहेत, त्यांना एक शब्द. गिऱ्हाइकाने खात्यावर जास्तीचे पैसे पाठवून "पोराला द्या" म्हटले तर ती रक्कम त्याच रात्री त्याला मिळावी. ती आपली कमाई नव्हे आणि पगारात वळती करण्याची गोष्टही नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयकराच्या एका प्रकरणात हेच धरले की गिऱ्हाइकाची टिप मालकामार्फत वाटली गेली तरी तो मालकाने दिलेला पगार ठरत नाही.

आणि बक्षीस देताना आवाज नको. चारचौघांत नोट फडकावून "घे रे" म्हणणारेही आपण पाहतो. त्यापेक्षा कपाखाली ठेवलेली दहाची नोट बरी.

वसुली त्या दिवशी झालीच नाही. येत्या आठवड्यात पुन्हा समुद्रपूरला जायचे आहे. खिशात सुटे घेतले आहेत, मागच्या दीड तासाचेही.