पेडगावचा राजपुत्र

हॅम्लेटचं वेड खरं की खोटं, हा प्रश्न मला आता ऐकवत नाही. बी. ए.ला असताना तो परीक्षेत यायचा, तेव्हा दोन्ही बाजूंनी लिहून मार्क मिळवले. आजही आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत नाटकाचा विषय निघाला की कोणीतरी तो टाकतोच, आणि चहा गार होईपर्यंत पुरुषमंडळी त्यावर बोलत राहतात. माझं म्हणणं असं, की आधी दुसरंच काही विचारायला हवं. त्या वेडाची किंमत कोणी मोजली?

मराठीला हे नाटक नवं नाही. 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढताना आगरकरांनी त्याचं भाषांतर केलं. 1883 मध्ये ते ‘विकारविलसित’ नावानं छापून आलं. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीचे गणपतराव जोशी त्यातल्या चंद्रसेनाच्या, म्हणजे हॅम्लेटच्या, भूमिकेत गाजले. आगरकरांनी नाव फार नेमकं ठेवलं. हा विकारांचा खेळ आहे. आपण ज्यांना कषाय म्हणतो ते क्रोध, मान, माया, लोभ इथे एकेक करून रंगमंचावर येतात. आणि ह्यातली माया म्हणजे ममता नव्हे बरं का, कपट!

गोष्ट थोडक्यात अशी. काकानं बापाचा खून केला, गादी घेतली, आईशी लग्न केलं. बापाच्या भुतानं हे मुलाला सांगितलं. मुलानं त्याच रात्री होरेशिओ ह्या मित्राला शपथ घालून बजावलं, की मी पुढे वेड्यासारखा वागलो तर ओळख दाखवू नकोस. म्हणजे मित्राला सगळं ठाऊक. ऑफिलियाला मात्र, जिला प्रेमाची पत्रं लिहिली तिला, एका शब्दानं सांगितलं नाही. तो विस्कटलेल्या कपड्यांत तिच्या खोलीत शिरला, मनगट धरून टक लावून बघत राहिला. ती घाबरून बापाकडे धावली. पुढे तिलाच तो ‘मठात जा’ म्हणून झिडकारतो. आपल्याकडे बाई आर्यिका होते ती स्वतःच्या वैराग्यानं, कोणाच्या तिटकाऱ्यानं नाही.

आता हे वेड किती सोयीचं आहे बघा. पडद्याआड लपलेल्या ऑफिलियाच्या बापाला तो तलवारीनं भोसकतो आणि त्याच खोलीत आईला सांगतो, मी वेडा नाही, हा माझा कावा आहे. इंग्लंडला जाताना जुन्या दोन सोबत्यांना ठार मारण्याचा हुकूम तो स्वतःच्या हातानं लिहितो आणि त्यावर बापाची मोहोर उठवतो. डोकं किती शांत! मग शेवटी ऑफिलियाच्या भावाची क्षमा मागायची वेळ येते, तेव्हा म्हणतो, तुझा अपराध मी केलाच नाही, माझ्या वेडानं केला. आईसमोर शहाणा, भावासमोर वेडा. ह्याला आपण वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतो.

दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला आपण घरोघरी जातो. मनानं, वचनानं, कायेनं जे दुखावलं ते मी दुखावलं, असं म्हणून हात जोडतो. ‘ते माझ्या वेडानं केलं’ अशी पळवाट तिथे नाही.

कोणी म्हणेल, बिचारा दुःखात होता. होता ना! मला त्याची दया येते. आणि खरंच आजारी असता तर उपचार हवे होते, जाब नको होता. पण हवं तेव्हा अंगावर घ्यायचं आणि हवं तेव्हा खुंटीला टांगायचं, हे आजारपण नाही.

खरं भ्रमिष्टपण कसं असतं ते आपल्या ग्रंथांत आहे. आमच्या ग्वाल्हेर जिल्ह्यातलं पवाया म्हणजे जुनं पद्मावती नगर. विदर्भातल्या भवभूतीचं ‘मालतीमाधव’ तिथेच घडतं. नवव्या अंकात मालतीसाठी माधव सैरभैर होतो, रानातल्या प्राण्यांना तिचा पत्ता विचारतो. आणि रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणातले राम? लक्ष्मण गेला हे ते मान्यच करत नाहीत. सहा महिने प्रेत घेऊन हिंडतात, त्याला न्हाऊ घालतात, भरवायला बघतात. दहनाचं नाव काढणाऱ्यावर चिडतात. मग देव झालेले जटायू आणि कृतांतवक्त्र येतात. समोर वाळक्या झाडाला पाणी घालतात, दगडावर बी पेरतात. हे काय मूर्खासारखं चालवलंय, असं राम विचारतात आणि शेवटी त्यांचे डोळे उघडतात. शुद्धीवर आल्यावर ते मोहाच्या मागे लपत नाहीत. लक्ष्मणाचं दहन करतात आणि पुढे दीक्षा घेतात.

आणि ऑफिलिया? बाप मेला, मारणारा प्रियकरच. ती गाणी म्हणत, फुलं वाटत हिंडते आणि ओढ्यात बुडते. तिचं वेड खरं की सोंग, असा प्रश्न परीक्षेत कधी आलेला बघितलात का? ती गेल्यावर वाद होतो तो एवढाच, की हिला विधिवत मूठमाती द्यावी की नाही. धर्मगुरू कुरकुरतच उभा राहतो.

बायांनो, नाटकात राजपुत्राला संशयाचा फायदा मिळतो. घरातही पुरुषालाच मिळतो. त्यानं ताट भिरकावलं तर ‘दुकानाचं टेन्शन आहे’. तीच दोन दिवस अंथरुणातून उठली नाही तर ‘नाटकं करते’. तिसऱ्या दिवशी अंगारा. माहेरी येरवड्याचं नाव टोमण्यात घ्यायचे, इथे आगऱ्याचं घेतात. डॉक्टरचं नाव कोणी घेत नाही.

ह्याहून अवघड गोष्ट आपल्याच समाजातली आहे. बाईचं जेवण तुटतं, बोलणं तुटतं, ती मंदिराच्या कोपऱ्यात तासन्‌तास बसून राहते आणि आपण म्हणतो, किती वैराग्य आलंय, किती उपवास करते! तपाला मी हात जोडते. पण तपानं माणूस आतून हलका होतो. जी बाई उपवासागणिक विझत चालली आहे, तिची अनुमोदना करण्याआधी तिच्याजवळ बसा. विचारा, अगं, रात्री झोप लागते का तुला? आणि लागत नसेल तर तिला डॉक्टरकडे न्या, सोबत जा.

आणि घरातला राजपुत्र उद्या म्हणाला, ‘रागात होतो, भान नव्हतं’, तर भांडू नका. शांतपणे एवढंच विचारा, की दुकानात गिऱ्हाईकासमोर ते भान कसं राहतं?