माशाला वेगळं ठेवता, मग गोगलगायीला का नाही?

आपल्या होस्टेलच्या टी.व्ही. रूममधला फिश टँक दिवाळीनंतर रिकामा झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. का झाला याच्या मात्र तीन-चार थिअऱ्या आहेत. कोणी म्हणतं फर्स्ट इयरच्या पोरांनी मेसची पोळी टाकली. कोणी म्हणतं हीटर जळाला. बिचाऱ्या सफाईवाल्या काकांवरही आळ आला, की त्यांनी फिनाईलच्या बादलीनं पाणी भरलं. मित्रांनो, काकांची माफी मागून आज कबूल करतो. ते काम माझं.

मी बोरी अरबचा. सुट्टी संपवून परत येताना गावच्या नदीतून चार गोगलगायी आणि थोडी पाणवनस्पती घेऊन आलो. काचेवरचं शेवाळ गोगलगायी खातात, म्हणजे टँक घासायची माझी पाळी वाचेल, एवढाच विचार. एस.टी.त बाटली मांडीवर धरून आणली आणि रात्री अकरा वाजता टँकमध्ये उलटी केली, नदीच्या पाण्यासकट. आठव्या-नवव्या दिवशी माशांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मग मासे दगडाला अंग घासायला लागले. तीन आठवड्यांत चौदापैकी अकरा गेले. थंडीनं ते आधीच कमजोर झाले असतील, मान्य. पण त्याआधी चार महिने टँकमध्ये नवं काहीच आलं नव्हतं.

गंमत म्हणजे आपल्याकडे नियम होता. दुकानातून आणलेला नवा मासा पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवायचा, असा कागद टँकवर अजून चिकटवलेला आहे. मी तो वाचलाही होता. पण त्यात 'मासा' लिहिलंय. गोगलगाय कुठं मासा आहे?

इथंच माझं म्हणणं आहे, की आपला नियम चुकीच्या प्राण्याकडे बघतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा जीव एकपेशीय. त्याचं नाव इक्थिओफ्थिरिअस, व्हायवात विचारलं तर मीही अडखळेन. तो माशाच्या कातडीखाली वाढतो, पोट भरलं की गळून खाली पडतो आणि मिळेल त्या वस्तूवर चिकटून भोवती कवच करतो. ती वस्तू दगड असेल, पानाचा देठ असेल, नाहीतर गोगलगायीची पाठ. कवचात त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ते मासा शोधत बाहेर पोहतात. म्हणजे गोगलगाय स्वतः ठणठणीत असते. ती फक्त रिक्षा, पॅसेंजर वेगळाच.

आता औषध टाकू म्हणाल, तर पंचाईत अशी की औषध लागतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला आणि कवचातल्याला ते पोचत नाही. शिवाय या रोगावर वापरतात त्या तांब्याच्या औषधानं गोगलगाय आणि कोळंबी दोन्ही मरतात. मग उरतो एकच उपाय, उपाशी मारणे. बाहेर पडलेल्या पिल्लाला साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते संपलं. जिथं एकही मासा नाही अशा टबात गोगलगाय ठेवायची आणि थांबायचं, बस. पाणी 25 अंशांच्या आसपास असेल तर हे सगळं चक्र आठवड्याभरात उरकतं, म्हणून पंधरा दिवस पुरतात. थंडीत ते रेंगाळतं, तेव्हा महिना धरावा.

समुद्री टँकवाल्यांचं दुखणं आणखी मोठं. त्यांच्याकडचा चुलतभाऊ क्रिप्टोकॅरिऑन, आणि रिक्षा म्हणजे प्रवाळ ज्या दगडावर बसलंय तो तुकडा. याचं कवच 72 दिवसांनीसुद्धा फुटल्याची नोंद आहे, म्हणून जाणकार लोक नवं प्रवाळ 76 दिवस बिनमाशाच्या टाकीत ठेवतात. क्वारंटाइन हा शब्द आला चाळीस दिवसांवरून. इथं चाळीसही कमी पडतात. (आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे समुद्रातून तोडून आणायची आयडिया कोणी काढू नये.)

'एवढं कोण करतं बे?' असं रूम पार्टनर म्हणालाच. करतात की. 2009 साली व्हेनामी कोळंबी भारतात आणायला परवानगी मिळाली, तेव्हा बाहेरून येणारी प्रजननाची कोळंबी आधी चेन्नईच्या नीलंकराई इथल्या केंद्रात वेगळी ठेवून तपासायची, ही अट घातली. कारण 1990 नंतरच्या दशकात व्हाइट स्पॉट नावाच्या विषाणूनं कोळंबीची तळी साफ झाली होती. (तो रोग वेगळा, नाव तेवढं सारखं.) आणि चेन्नईला तरी कशाला जायचं? माझे बाबा बाजारातून बकरी आणली की पंधरा दिवस कडुनिंबाखाली वेगळी बांधतात. तिचा दोर वेगळा, पाण्याचं घमेलं वेगळं. मी लहानपणापासून हे बघतोय आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये डिस्टिंक्शन घेऊन बाटली सरळ टँकमध्ये ओततो! बाबांना अजून सांगितलेलं नाही.

काही जण म्हणतात टँकच नको, त्या जागी कॅरम ठेवा. मला पटत नाही. सबमिशनच्या रात्री दोन वाजता टी.व्ही. रूममध्ये जाऊन नुसतं त्या माशांकडे बघत बसणारे किती जण होते, हे मला माहीत आहे, कारण मीही त्यातलाच. रेक्टर सरांना एवढीच विनंती, की तो कागद बदलावा. 'मासा' खोडून 'टँकमध्ये जाणारी प्रत्येक ओली वस्तू' असं लिहावं. त्यात वनस्पती आल्या, दगड आले, दुसऱ्या टँकची जाळीसुद्धा आली. सोबत आलेलं पाणी तर कधीच आत ओतायचं नाही.

टब मी घेतलाय, दीडशे रुपयांचा, निळा. जिन्याखाली ठेवलाय. टँकमधल्या चारही गोगलगायी आणि ती वनस्पती सध्या त्यातच आहेत. कडेवर मार्करनं तारीख लिहिली आहे, ती कृपया कोणी पुसू नका आणि त्यात मोजे भिजवू नका.