'पूर्णविराम' देण्याची खोड

थांबविणें, बंद पाडणें, मोडून काढणें, निकालांत काढणें, गाशा गुंडाळणें हीं मराठी क्रियापदें आतां म्हातारीं झालीं असावींत. कारण आमचे लेखक हल्लीं जें तें 'पूर्णविरामा'नें संपवितात. भांडणाला पूर्णविराम, अफवेला पूर्णविराम, लांचलुचपतीलाहि पूर्णविरामच! हा इंग्रजी 'फुल स्टॉप'चा उतारा आहे हें उघड आहे. उसनवारीबद्दल आमची तक्रार नाहीं. विरामचिन्हें आपण इंग्रजीकडूनच घेतलीं, आणि १८५० सालीं त्यांची परिभाषा छापणाऱ्या मेजर कँडीसाहेबांचे आम्ही ऋणीच आहों. पण उसनें आणतांना वस्तु निरखून घ्यावी कीं नाहीं?

इंग्रज 'पुट अ स्टॉप टु' म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत टिंब नसतें. 'स्टॉप' या शब्दाचें मूळ लॅटिनमध्यें, भोंकांत जाड्याभरड्या तंतूंचा बोळा कोंबण्याच्या क्रियेंत आहे. सोलापुरासारख्या सुताच्या गांवीं बोळा म्हणजे काय हें कोणास शिकवावें लागणार नाहीं. बोळा कोणीतरी हातानें कोंबावा लागतो. विराम म्हणजे विसांवा. तो आपोआप 'मिळतो'. अन्यायाला विसांवा देऊन कोणाचें भलें व्हावयाचें? शिवाय टिंबानें वाक्य संपतें, लेख नव्हे. पुढचें वाक्य लागलीच सुरू होतें.

परंतु खरा अनर्थ कर्ता नाहींसा होण्यांत आहे. येथील सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, लोकांच्या तोंडची 'जुनी मिल', ऑगस्ट १९४९ मध्यें बंद झाली. ती बंद पडली कीं पाडली? फरक एका कान्याचा. पण हजारों कामगारांची भाकरी त्या कान्यास टांगलेली होती. पडली म्हटलें कीं दोष दैवाचा. पाडली म्हटलें कीं चालकांस जाब विचारतां येतो. जानेवारी १९५० मध्यें हिंदुस्थान सरकारनें वटहुकुमानें गिरणीचा कारभार हातीं घेतला, तो गैरव्यवस्था, हयगय आणि त्यांतून ओढवलेली बेकारी हीं कारणें स्पष्ट लिहून. भागीदारांनीं तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलें. 'उत्पादनाला पूर्णविराम मिळाला' एवढेंच कोणी लिहिलें असतें, तर भांडावयाचें कोणाशीं?

शब्द रूढ झाला आहे, आतां काय करावें, असें कोणी म्हणतील. कचराहि रस्त्यावर रूढ होतो. आमच्याकडे येणाऱ्या लेखांत पूर्णविराम वाक्याच्या टोकाशींच राहील. इतरत्र तो आढळल्यास 'कोणीं थांबविलें?' एवढा प्रश्न समासांत लिहून आम्ही लेख परत पाठवूं.