तिसरा पाद : परिचर्येचे शिक्षण आणि रुग्णसुरक्षा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद हा नववा अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत मुखोद्गत केला आहे. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आणि प्रत्येक पादाचे चार गुण, अशी सोळा गुणांची मांडणी परीक्षेत हमखास विचारली जाते. यांपैकी भिषग्गुणांवर आपल्या परिषदांतून व्याख्याने होतात. द्रव्यासाठी तर स्वतंत्र विभाग, प्रयोगशाळा आणि मानके आहेत. उपस्थात्याचे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे चार गुण मात्र उत्तरपत्रिकेत लिहून झाले की बहुधा तेथेच राहतात. हा तिसरा पाद कोण घडवितो, कोठे घडवितो आणि त्या घडणीत वैद्याचा वाटा कोणता, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करण्याचे योजिले आहे.

एक अनुभव

प्रारंभी आमच्याच हातून घडलेला एक प्रमाद सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या रुग्णालयात काम करीत होतो, तेथे परिचर्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी पंचकर्म विभागात प्रात्यक्षिकासाठी येत असत. संधिगत वाताने त्रस्त अशा साठीच्या एका स्त्रीस आम्ही स्नेहनोत्तर नाडीस्वेद योजिला. बाईंना दीर्घकाळ मधुमेह होता व त्यामुळे दोन्ही पावलांची संवेदना मंदावली होती. ही नोंद बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर होती. आंतररुग्णपत्रावर मात्र आम्ही 'स्नेहन, नाडीस्वेद, १५ मिनिटे' एवढेच लिहिले. स्वेदन चालू असता बाईंनी 'पोळते आहे' असे एकदाही म्हटले नाही, कारण त्यांना ते जाणवतच नव्हते. सायंकाळी पावलावर फोड उठलेले दिसले. मधुमेहाच्या रुग्णातील तो व्रण भरून येण्यास दीड महिना लागला. पाय वाचला, हे आमचे भाग्य.

चौकशी झाली. चौकशीत दोष निघाला तो विद्यार्थिनीचा, आणि तिचे प्रात्यक्षिक थांबविण्यात आले. आम्हीही त्या वेळी मौन बाळगले. पुढे काही दिवसांनी ती भेटावयास आली असता तिने सांगितले, "सकाळी पाय पुसताना बाईंना स्पर्श कळत नाही, हे माझ्या ध्यानात आले होते. पण उपचार आपण लिहिला होता, सर. मी कसे विचारणार?"

या उत्तरावर आम्हांस काहीही बोलता आले नाही. तिचे निरीक्षण अचूक होते, हात स्वच्छ होते आणि रुग्णेविषयीची आस्थाही उणी नव्हती. संहितेने सांगितलेले गुण तिच्या ठायी होते. वैद्यास थांबविण्याचा अधिकार आपणांस आहे, हे मात्र तिला कोणीही शिकविले नव्हते. आम्ही तर मुळीच नाही.

आज्ञापालन आणि रक्षण

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात परिचारकाचे वर्णन करताना त्यास 'वैद्यवाक्यकृत्' म्हटले आहे. वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणारा तो परिचारक, हे लक्षण आपल्या सर्वांच्या पसंतीचे आहे व आपण ते वारंवार सांगतो. परंतु त्याच वर्णनात परिचारक व्याधिताच्या रक्षणाविषयी दक्ष असावा, असेही म्हटले आहे. त्याचा उच्चार आपण सहसा करीत नाही. बहुतेक वेळी ही दोन्ही लक्षणे एकाच दिशेने जातात. ज्या क्षणी ती परस्परविरुद्ध होतात, त्या क्षणी परिचारिकेने कोणते प्रमाण मानावे, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते रक्षणासच प्राधान्य असले पाहिजे. वैद्यवाक्याचे प्रयोजनच मुळी रुग्णाचे रक्षण हे आहे. ते प्रयोजन जेथे ढळते, तेथे वाक्य पाळण्यात निष्ठा कसली?

जगाच्या अनुभवातून

अशा प्रसंगांत दोषी व्यक्ती शोधून मोकळे होण्याची रीत सर्वत्र होती. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९९ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध करून तिला धक्का दिला. टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांमुळे त्या देशातील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज त्यात होता. या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला. तथापि अहवालाचा मुख्य निष्कर्ष टिकून राहिला : चुकांचे मूळ बहुधा एखाद्याच्या निष्काळजीपणात नसून कामाच्या रचनेत असते, आणि रचना सुधारल्याखेरीज माणसे बदलून काही साधत नाही.

२००३ मध्ये त्याच संस्थेने आरोग्यसेवेतील सर्व विद्यार्थ्यांसाठी पाच मूलभूत क्षमता सांगितल्या. त्यांच्या आधारे २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात लिंडा क्रोननवेट यांच्या नेतृत्वाखाली परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुरू झाला. रुग्णकेंद्रित सेवा, सांघिक कार्य, पुराव्यावर आधारित व्यवहार, गुणवत्ता-सुधारणा, सुरक्षा आणि माहितीचा योग्य वापर अशा सहा क्षमता त्यात निश्चित करण्यात आल्या. प्रत्येक क्षमतेची फोड ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती अशा तीन अंगांनी केली आहे, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. मधुमेहात पावलांची संवेदना जाते, हे ज्ञान. ती तपासता येणे, हे कौशल्य. आणि ती नसल्याचे दिसताच, आदेश कोणाचाही असो, थांबून विचारणे ही वृत्ती. आमच्या विद्यार्थिनीपाशी पहिली दोन होती. तिसरीच्या अभावी एका रुग्णेचा पाय पोळला.

आपल्याकडेही हे विचार पोहोचले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये रुग्णसुरक्षेच्या अध्यापनासाठी सर्व आरोग्यशाखांना उपयोगी पडेल अशी मार्गदर्शिका सिद्ध केली. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी. एस्सी. नर्सिंगचा जो सुधारित अभ्यासक्रम लागू केला, त्यात सुरक्षा, सांघिक कार्य व गुणवत्ता-सुधारणा यांची गणना मूलभूत क्षमतांत आहे. कागदावर त्रुटी फारशी नाही. परंतु क्षमता कागदावर येत नसते, ती रुग्णाच्या खाटेपाशी येते. आणि ती खाट आयुर्वेद रुग्णालयातील असेल, तर तेथे शिकविण्याचे दायित्व आपल्याखेरीज कोणाचे?

आपल्या शास्त्रातील आधार

'हे सर्व आपल्याकडे पूर्वीच होते' असे म्हणून समाधान मानण्याची सवय आम्हांस मान्य नाही. होते ते पोथीत होते. विभागात असते तर वरील प्रसंग घडला नसता. मात्र या शिक्षणास आपल्या शास्त्रात भक्कम आधार आहे, हेही तितकेच खरे.

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील पाचवा अध्याय पाहावा. बस्तिकर्मातील दोषांची गणना करताना आचार्यांनी बस्तिनेत्राचे आठ, बस्तिपुटकाचे आठ आणि बस्ती देणाऱ्याच्या हातून घडणारे दहा दोष वेगवेगळे सांगितले, त्यांपासून होणारे व्यापद् सांगितले आणि त्यांची चिकित्साही सांगितली. उपकरणाचा दोष आणि कर्त्याचा दोष यांत येथे गल्लत नाही. चूक घडते हे गृहीत धरून तिचे वर्गीकरण करणारे हे शास्त्र आहे. चूक दडविणारे नव्हे. सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात शोधनापूर्वीच औषधे व साधने जमवून ठेवावीत असा आग्रह आहे, कारण आपत्ती उद्भवल्यावर, वस्तू विकत मिळत असली तरी, ती तत्काळ हाती येत नाही. आणि सुश्रुताचार्यांचा योग्यासूत्रीय अध्याय तर बस्तिपीडनाचा सराव पाण्याने भरलेल्या घटाच्या पार्श्वछिद्रावर आणि भोपळ्याच्या मुखावर करावयास सांगतो. पहिला सराव रुग्णावर नको, हे तत्त्व आज प्रतिकृतींवर शिकविणारी महाविद्यालये नव्याने सांगत आहेत. आपल्या किती पंचकर्म विभागांत असा एक घट ठेवलेला आहे?

काय शिकवावे?

परिचर्या महाविद्यालयात शिकविलेली सुरक्षा ही मुख्यतः सुई, सलाइन आणि रक्त यांच्याभोवती असते. आयुर्वेद विभागातील धोके निराळे आहेत व ते शिकविणारे दुसरे कोणी नाही. त्यांपैकी काहींचा निर्देश करतो.

स्वेदनापूर्वी स्पर्शज्ञान तपासणे आणि उष्णतेची परीक्षा रुग्णाच्या सांगण्यावर न सोडणे, हे पहिले. दुसरे विरेचनाच्या दिवसाचे. मधुमेहाचा रुग्ण सवयीने सकाळची गोळी घेतो किंवा इन्सुलिन टोचून घेतो. आहार मात्र झालेला नसतो. मग घाम, कंप, ग्लानी ही लक्षणे दिसली की ती शोधनाचा स्वाभाविक परिणाम समजून दुर्लक्षिली जातात. वस्तुतः रक्तातील साखर घसरत असते. वेग मोजणाऱ्या परिचारिकेस हे ठाऊक असेल, तर साखर तपासून ती अनर्थ टाळू शकते. तिसरे औषधनामांचे. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांत नावाचे अंतर थोडे, पण दुसऱ्यात भस्मे आहेत. घाईत लिहिलेली आद्याक्षरे येथे घात करतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ या पाच कसोट्यांना आपल्याकडे अनुपानाची व औषधसेवनकालाची जोड द्यावी लागेल. चौथे शौचाचे : बस्तियंत्राची स्वच्छता, काढ्याचा ताजेपणा, तैल पुनःपुन्हा वापरण्यावर निर्बंध.

आणि पाचवे बोलण्याचे. तोंडी आदेश मिळाल्यास तो लिहून परत वाचून दाखविणे. पाळी बदलताना रुग्णाची आजची स्थिती, पूर्ववृत्त, आपले अनुमान आणि पुढे काय करावयाचे, हे क्रमाने सांगणे. शंका आल्यास ती स्पष्ट शब्दांत मांडणे, दखल न घेतल्यास दुसऱ्यांदा मांडणे आणि तरीही न घेतल्यास वरिष्ठांकडे जाणे. हे धैर्य उपजत नसते. ते सरावानेच येते, म्हणून त्याचाही सराव करवून घेतला पाहिजे.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की परिचारिकांची संख्याच जेथे अपुरी, तेथे शिकवावयास वेळ कोठून आणावा? हा आक्षेप खोटा नाही. अनेक ठिकाणी पंचकर्म प्रत्यक्षात अप्रशिक्षित मदतनीसच करतात, हेही आपण जाणतो. पण मनुष्यबळ तोकडे असते तेथेच चुकीची शक्यता वाढते; तेव्हा ही अडचण शिक्षणाविरुद्धचे कारण ठरत नाही, उलट संस्थाचालकांकडे अधिक परिचारिका मागण्याचे ते कारण आहे. दुसरा आक्षेप शिस्तीचा. परिचारिका वैद्यास प्रश्न विचारू लागल्या तर विभाग चालेल कसा? आमचे उत्तर असे की तो अधिक नीट चालेल. रुग्णासमोर उद्धटपणे बोलणे आणि रुग्णहितासाठी शंका विचारणे यांतील भेद विद्यार्थिनींना कळतो. तो आपणांस कळतो का, एवढेच पाहावयाचे आहे.

आपणांपासून आरंभ

अखेरीस विद्यार्थिनींनी काय शिकावे यापेक्षा वैद्यांनी काय करावे, यावर अधिक अवलंबून आहे. आदेश पूर्ण लिहावेत : द्रव्याचे संपूर्ण नाव, मात्रा, काल, अवधी आणि वर्ज्य गोष्टी. प्रत्येक विभागात प्रमादांची व थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची एक वही असावी, तीत नावे नसावीत, आणि महिन्यातून एकदा वैद्य, आंतरवासी व परिचारिकांनी ती एकत्र वाचावी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा आयुष मंत्रालयाने नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाच्या केंद्रामार्फत उभी केली आहे. रात्रंदिवस रुग्णाजवळ असणाऱ्या परिचारिकेने पाहिले व सांगितले नाही, तर त्या यंत्रणेकडे आपण पाठविणार काय?

त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या आंतररुग्णपत्रावर 'स्पर्शज्ञान तपासले काय?' असा एक रकाना छापून घेतला. तो परिचारिकेने भरावयाचा असतो आणि तो कोरा असेल तर आम्ही सांगूनही स्वेदन सुरू होत नाही. आजवर दोनदा आम्हांस असे थांबविण्यात आले आहे. पहिल्या वेळी, खरे सांगावयाचे तर, क्षणभर राग आला होता. दुसऱ्या वेळी आभार मानले.

आमच्या संघटनेच्या शाखांनी आपापल्या भागातील परिचर्या महाविद्यालयांशी संपर्क साधून येत्या वर्षी निदान एक संयुक्त कार्यशाळा घ्यावी, अशी आमची विनंती आहे. तीत व्याख्याने थोडी व सराव अधिक असावा, आणि आरंभ एखाद्या ज्येष्ठ वैद्याने स्वतःच्या चुकीपासून करावा. ज्या विद्यार्थिनीस आम्ही त्या वेळी एकटे पाडले, तिचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.