वकिलाच्या नोटिशीला घाबरून पैसे भरू नका!

'घरबसल्या टायपिंग करा, महिना अठरा हजार कमवा.' एसटी स्टँडच्या भिंतीपासून इन्स्टाग्रामपर्यंत ही जाहिरात दिसते. तिच्यातल्या नंबरवर फोन करून फसलेल्यांना आपण लगेच लोभी ठरवतो. दिवसभर टाइप करून अठरा हजार मागणं हा लोभ असेल, तर नोकरी करणारा प्रत्येक जण लोभी! पण या टोमण्यावरच भामट्यांचं दुकान चालतं. फसलेली मुलगी घरात सांगत नाही, पोलिसांत जात नाही, गुपचूप आणखी पैसे भरते.

त्यांची रीत बघा. आधार, पॅन, फोटो घेतात. 'आमच्याकडे रजिस्ट्रेशन फी नाही' असं आवर्जून सांगतात, म्हणून तर विश्वास बसतो. मोबाइलवर बारीक अक्षरांतला इंग्रजी करार येतो. ओटीपी टाकला की झाली सही. मग पुसट स्कॅन केलेली पानं मिळतात: नावं, पत्ते, आकडे, आणि मधेच मुद्दाम चुकवलेलं स्पेलिंग. ते आहे तसं ठेवायचं की दुरुस्त करायचं, कोणी सांगत नाही. मुदत पाच-सहा दिवस, अचूकता नव्वद टक्के. रात्री जागून काम पुरं केलं तरी रिपोर्ट नापासाचाच, कारण तपासणारे तेच.

लगेच 'लीगल डिपार्टमेंट'चा फोन. करार मोडलात, सहा हजार भरा, नाहीतर केस होईल, पोलीस घरी येतील. व्हॉट्सअॅपवर तराजूचं चित्र छापलेली पीडीएफ येते. भरले की 'एनओसी'चे वेगळे, वर जीएसटी. एकदा घाबरलेलं गिऱ्हाईक ते सहजासहजी सोडत नाहीत.

आता कायदा. करार मोडल्याचा दावा दिवाणी असतो. त्यासाठी पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत. समन्स काढतं ते कोर्ट, 'लीगल डिपार्टमेंट' नव्हे. करारात दंड लिहिला म्हणून तो आपोआप वसूल होत नाही: 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 नुसार कोर्ट वाजवी भरपाईच देऊ शकतं. आणि फसवून संमती घेतलेला करार कलम 19 नुसार रद्द करून मागता येतो. ती नोटीस फाडू मात्र नका. पुरावा आहे तो.

टेलिग्रामवरच्या 'टास्क'चा मामला याहून सरळ. हॉटेलला रेटिंग द्या, दीडशे रुपये घ्या. ते खरंच मिळतात. मग 'प्रीपेड टास्क', म्हणजे आधी तुम्हीच पैसे भरायचे. स्क्रीनवर फुगत जाणारी रक्कम म्हणजे नुसते आकडे, काढायला गेलात की आधी 'टॅक्स' भरा म्हणतात. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं अशा शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या. दुकानं नव्या नावांनी उघडी आहेतच. 'खातं वापरायला द्या, टक्केवारी घ्या' हीसुद्धा नोकरी नव्हे. दुसऱ्याचे लुटलेले पैसे तुमच्या खात्यातून फिरतात, आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतात.

परदेशातल्या 'डेटा एंट्री'ची तर गोष्टच वेगळी. थायलंडची नोकरी म्हणून नेलेल्या आपल्या मुलांना म्यानमारमध्ये डांबून इतरांना फसवायला बसवलं जातं. मार्च 2025 मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. फोनवर गोड बोलणारा 'एचआर' स्वतःही असाच अडकलेला असू शकतो.

पैसे गेले असतील तर क्षणभरही न थांबता 1930 ला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, चॅट, ती नोटीस, सगळं जपून ठेवा. पोलीस ठाण्यात 'आमच्या हद्दीत येत नाही' असं ऐकवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 दाखवा: दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठेही घडला असला तरी, कोणत्याही ठाण्यात देता येते. 1 जुलै 2024 पासून हा कायदा लागू आहे. तरीही नोंद करून घेतली नाही, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात आयुक्तांना स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.